मिरजेत ख्रिस्ती गीतांचं एफएम: चोरून लावायचं की परवाना काढायचा?

रूथ_मिरज
सर्वांना सलाम. परवा इथं एका भावानं लिहिलं: 'अमेरिकेत एवढंएवढंसं चर्च स्वतःचं रेडिओ स्टेशन चालवतं. आपण एक ट्रान्समीटर मागवू, गच्चीवर लावू, दिवसभर गीतं सोडू. परवाना मागत बसलो तर जन्म जाईल.' खाली कितीजणांनी 'आमेन' लिहिलंय! रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

अमेरिकेतली ती स्टेशनं चोरून चालत नाहीत. तिथल्या एफसीसीनं, म्हणजे रेडिओचे परवाने देणाऱ्या सरकारी आयोगानं, 2000 साली लो पॉवर एफएमचा, 100 वॉटपर्यंतचा, वेगळा वर्ग काढला आणि चर्चनी रीतसर अर्ज करून परवाने घेतले. आपल्याकडं विनापरवाना प्रक्षेपण म्हणजे गुन्हा. बिहारमधे मन्सूरपूरला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका पोरानं आपल्या दुकानातच एफएम उभं केलं होतं, अख्खा गाव ऐकायचा. 2006 मधे तेही बंद पाडलं. उद्या आपल्या गच्चीवरून पोलिसांनी पेटी उचलून नेली तर पेपरात काय छापून येईल, आणि ते पाळकसाहेबांना किती वर्षं पुरेल, याचा विचार केलाय का कुणी?

सरळ रस्ता आहे. कम्युनिटी रेडिओ, म्हणजे परिसरातल्या लोकांचं छोटं स्टेशन. 2006 च्या धोरणाप्रमाणं नोंदणीकृत, नफा न कमावणारी, तीन वर्षं लोकांत काम केलेली संस्था अर्ज करू शकते. 100 वॉट, 30 मीटरपर्यंतचा मनोरा, आणि निम्मे तरी कार्यक्रम तिथल्याच लोकांनी केलेले. म्हसवडला माणदेशी तरंग 2008 पासून 90.4 वर चालू आहे. जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी आहे. दुष्काळी भागातल्या बायाबापड्यांना जमलं, आपल्याला का जमू नये?

पण परवाना मिळतो तो परिसरासाठी, एका मंडळीसाठी नाही. म्हणून स्टेशन मिरजेचं असावं. दवाखाने, ऊस, पूर, सगळं त्यात यावं, आणि सकाळ-संध्याकाळ आपली गीतं.

सॅम्युएल_सांगली
रूथताई, तुमचा राग समजला, माझाही समजून घ्या. तरुण संघात असताना आम्ही अकराजण आकाशवाणीच्या एका केंद्रावर नाताळचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायला गेलो होतो. महिनाभर तालीम केली, माझ्या आईनं सगळ्यांना घरी जेवू घातलं. लागला तेव्हा चार गीतांतलं दीडच गीत लागलं. आई ट्रान्झिस्टर कानाला लावून पुढच्या गीताची वाट बघत बसली होती, तोवर बाजारभाव सुरू झाले. वर्षातून एकदा, तेही दीड गीत. आणि आता तुम्ही सांगताय, आपण जीव तोडून परवाना काढायचा, आणि त्यातही आपल्या वाट्याला फक्त सकाळ-संध्याकाळ?

अभिजित_वारणाली
मी ख्रिस्ती नाही, पण शेजारी म्हणून बोलतो. धर्माच्या नावावर रेडिओ कुणालाच मिळू नये. खासगी एफएमच्या धोरणात धार्मिक संस्थांशी संबंधित कंपन्या अपात्र आहेत, ते योग्यच आहे. आमच्या गल्लीत तिन्ही बाजूंनी भोंगे आहेत. माझ्या वडिलांचं बायपास झालेलं, सणासुदीला खिडकीला गाद्या लावून झोपवावं लागतं. कुणाचा भोंगा, हे मी सांगणार नाही, सगळ्यांचे आहेत. आता हवेतून अजून एक?

रूथ_मिरज
अभिजितदादा, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण भोंगा कानावर आदळतो, रेडिओ ज्याला हवा तो लावतो, नको तो बंद करतो. तुम्ही सांगितलेली अट खासगी एफएमची आहे. कम्युनिटी रेडिओच्या 2006 च्या अपात्रांच्या यादीत व्यक्ती, राजकीय पक्ष, नफ्यासाठीच्या संस्था आणि बंदी घातलेल्या संघटना आहेत. धार्मिक कार्यक्रमांना बंदी नाही. कुणाच्या श्रद्धेचा गैरफायदा घ्यायचा नाही, कुणाच्या भावना दुखवायच्या नाहीत, एवढी काळजी घ्या म्हणतात. वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे 1995 मधे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, आणि त्या खंडपीठावर आपल्या महाराष्ट्राचेच न्या. पी. बी. सावंत होते. सार्वजनिक म्हणजे तुमची, तशी माझीही.

नितीन_सातारा
परवान्याचं राहू द्या. वाजवणार काय, ते आधी ठरवा. ड्रम, कीबोर्ड आणि हिंदी-इंग्रजी 'वर्शिप' लावणार असाल तर माझा विरोध लिहून घ्या. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक 1917 मधे साताऱ्यात येऊन राहिले, इथं त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात, ओवीत आणलं. ती चाल आज आमच्या भक्तीत ऐकू येत नाही. मागच्या महिन्यात माझ्या काकूच्या मातीला तिचं आवडतं गीत कुणाला धड म्हणता आलं नाही. दुसऱ्या कडव्याला सगळे पुटपुटायला लागले. आम्ही तिला अशी पाठवली.

प्रिया_विश्रामबाग
काका, ज्या गिटारला तुम्ही नावं ठेवता, तिच्यामुळंच माझा धाकटा भाऊ रविवारी घराबाहेर पडतो. दोन वर्षं तो कुणाशी बोलत नव्हता. आज तिसऱ्या बाकावर बसून वाजवतो. तुमचे अभंग त्याला कुणी शिकवले का? 'गप बस, पुस्तक धर' एवढंच ऐकलं आम्ही!

नितीन_सातारा
शिकायला आलात कधी? मृदंग बारा वर्षं खुंटीला टांगलाय. शाई निघून गेली त्याची.

प्रिया_विश्रामबाग
बोलावलंत कधी? दरवेळी आम्हीच कमी श्रद्धेचे!

सॅम्युएल_सांगली
प्रिया, नितीनराव, आवरा. विषय परवान्याचा आहे.

नितीन_सातारा
हाच विषय आहे. मनोरा उभा राहील हो, पण वरून काय ऐकवणार?

तंबोरा_मिरज
आदाब. आमचं घराणं तंतुवाद्यांचं. पंढरपूरकडून भोपळे येतात, वाळवायचे, कापायचे, मग गळा बसवायचा. माझ्या आजोबांनी तुमच्या एका चर्चचा पायपेटीचा भाता शिवला होता, पैसे घेतले नाहीत. पेटी वाजायला लागली तेव्हा पाळकांनी त्यांना पुढच्या बाकावर बसवून पूर्ण गीत ऐकवलं. घरी येऊन म्हणाले, हा तर भूप आहे. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गाणं होतं, तिथं कोण कुठल्या धर्माचा, विचारत नाहीत. तुमच्या स्टेशनवर आमच्या गल्लीला तास द्या, तंबोरे मी जुळवून देतो. गिटारचीही तार बदलून देतो, मुली.

अभिजित_वारणाली
असं असेल तर माझा विरोध निम्मा कमी. बाकीचा निम्मा ठेवतो. 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, आमचे मोबाईल बंद पडलेले. कोणत्या रस्त्यानं बाहेर पडायचं, कळत नव्हतं. पेटीभर सेल होते घरात, पण आमच्या गल्लीचं सांगणारं कुणी नव्हतं. पाणी चढायला लागलं की गीतं थांबवून ते सांगणार असाल तर सही करतो.

रूथ_मिरज
दादा, हे अर्जातच लिहू. आणि नितीनकाका, प्रिया, तुमच्या भांडणातून एक कामाची गोष्ट निघाली. बाजारातल्या रेकॉर्ड लावायच्या तर हक्कधारकांची परवानगी किंवा त्यांची रॉयल्टी लागेल. टिळक 1919 ला गेले. कवीनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो, म्हणजे त्यांचे शब्द आता सगळ्यांचे. चाली काकांच्या, गिटार प्रियाच्या भावाची, तंबोरा गल्लीतला. आपणच गायलं तर निम्म्या स्थानिक कार्यक्रमांची अटही तिथंच भागते.

सॅम्युएल_सांगली
ठीक आहे. गच्चीवरचा ट्रान्समीटर नको, हे मान्य. मनापासून नाही, पण मान्य. गृह खात्याची तपासणी, मग फ्रिक्वेन्सी, किती वर्षं जातील देव जाणे, आईचं वय 84 आहे. आमच्या ट्रस्टची नोंदणी आणि तीन वर्षांचे हिशेब शनिवारी घेऊन येतो. नितीनराव, तो मृदंग मिरजेला आणा. शाई भरून घेऊ.

नितीन_सातारा
आणतो. प्रिया, भावाला घेऊन ये. चाल कुठली धरायची, ते मात्र मी सांगणार.