अनुभव धागा: कोड, टर्मिनल आणि आपली देवनागरी

एडिटर, टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) आणि गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) यांच्यावाचून माझा दिवस जात नाही. इंग्रजी मजकूर असला की तिन्ही बिनबोभाट चालतात. देवनागरी आली की प्रत्येकाची वेगळी तऱ्हा. तुम्हाला काय त्रास झाला आणि त्यातून वाट कशी काढलीत, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करतो.

फाइलचं नाव मराठीत ठेवलं की ‘गिट स्टेटस’मध्ये नावाऐवजी आकड्यांची रांग येते. नुसता ‘म’ म्हणजे ३४०, २४४, २५६. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, तेच अष्टमान पद्धतीत छापलेले असतात. गिटची ‘कोअर.कोटपाथ’ ही सेटिंग फॉल्स केली की नाव सरळ दिसतं.

—

पायथनमधून काढलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या तक्त्याची फाइल) स्प्रेडशीटमध्ये उघडली की मराठीचा पार चुराडा. फाइल लिहिताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या, काम होतं.

—

माझा त्रास ‘ऱ्ह’चा आहे, आणि तो मराठीवाल्यांनाच कळेल. गावांच्या यादीत ‘कऱ्हाड’ शोधलं तर निम्म्याच नोंदी हाती लागत होत्या. पडद्यावर सगळ्या सारख्याच दिसतात, अगदी झूम करून पाहिलं तरी. शेवटी एकेक कोडपॉइंट (चिन्हाचा युनिकोड क्रमांक) छापून पाहिला. काही नोंदींत ‘ऱ’ आणि हलन्त, काहींत साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं शून्य रुंदीचं चिन्ह). दोन्ही लेखनं युनिकोडला मान्य, पण शोधणाऱ्या कोडच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. एनएफसी नॉर्मलायझेशननेही (समान लेखनं एकाच रूपात आणण्याची युनिकोडची रीत) ती एक होत नाहीत. आता मजकूर आत येतानाच दुसरं रूप पहिल्यात बदलून घेते. वऱ्हाड, कुऱ्हाड, दऱ्या, सगळ्यांना हाच नियम. मराठी शोध देणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये हे असायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

—

वरच्या ताईंना जोरदार अनुमोदन! जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर बदलताना माझं डोकं उठतं ते वेलांटीने. तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं बरोबर उलटं. त्यात जोडाक्षर आलं की वेलांटी नेमकी कुठवर सरकवायची, हे ठरवण्यातच अख्खी दुपार जाते.

—

विम हा एडिटर वापरणाऱ्यांसाठी: इनस्क्रिप्ट (देवनागरीचा प्रमाण कीबोर्ड) चालू असताना कर्सर हलवायला एच, जे, के, एल दाबलं तर विमला मिळतात प, र, क, त. कर्सर जागचा हलत नाही. मी इनस्क्रिप्टची स्वतःची कीमॅप फाइल (कोणत्या कळीला कोणतं अक्षर, याची यादी) बनवली. लिहिताना देवनागरी उमटते आणि एस्केप दाबलं की आज्ञा पुन्हा रोमन. कीबोर्ड सतत बदलत बसणं संपलं. हवी असेल त्याला फाइल देईन.

—

मला द्या ना दादा. आणि टर्मिनलमध्ये जोडाक्षरं न तुटता दिसतील असा समरुंदीचा फॉन्ट कुणाला सापडलाय का? चौकटीत एकेक अक्षर बसवण्याच्या नादात ‘क्षि’ची पार वाट लागते, लॉग वाचवत नाही.