मदत हवी आहे: मीलवर्मच्या भुंगेऱ्यांतले नर-मादी कसे ओळखायचे?

नमस्कार मंडळी. नाशिकला घरीच कोंबडीच्या पिल्लांसाठी मीलवर्म वाढवते (भुंगेऱ्याच्या नेहमीच्या पिवळ्या अळ्या, दुसऱ्या मोठ्या जातीचे सुपरवर्म नाहीत). गव्हाचा कोंडा की नाचणीचा भरडा, कशावर अंडी जास्त पडतात ते बघायचंय. त्यासाठी प्रत्येक डब्यात एकेकच जोडी हवी आणि तिथेच अडलंय.

कोषावस्थेत ओळखता येतं हे माहीत आहे. कोष उताणा धरून पोटाच्या टोकाकडे, आठव्या खंडावर बघायचं. मादीला दोन ठसठशीत, टोकदार उंचवटे असतात, नराचे बारीक नि बोथट. पुढच्या खेपेला तसंच करीन. पण हातातले सगळे कोषातून बाहेर पडून काळे भुंगेरे झालेत, आणि पुढच्या खेपेची वाट बघायची तर थंडीत कोष फार रेंगाळतात.

आकारावरून पाहिलं, भरवसा नाही. अळी असताना कमी खाल्लेली मादीही बारीकच राहते. वर चढतो तो नर म्हणावं, तर थोड्या वेळाने त्याच्याच पाठीवर दुसरा. दहापट भिंगाखाली पोट हलकेच दाबलं की टोकाशी काहीतरी फिकट क्षणभर बाहेर येतं आणि लगेच आत ओढलं जातं. ती अंडी घालायची नळी की नराचं अंग, कळत नाही.

मायक्रोस्कोप नाही, मोबाइलला मॅक्रो लेन्स आहे. भुंगेरे मारायचे नाहीत, जायबंदीही करायचे नाहीत.

जिवंत भुंगेऱ्यांवर कुणी हे केलं असेल तर सांगा: दाब नेमका कुठे आणि किती द्यायचा, आणि बाहेर येतं ते मादीचंच हे कशावरून ठरवायचं?