न खेळणाऱ्यानं बोलूच नये?

‘महिनाभरात एकही मॅच खेळला नाही त्यानं नियमांवर बोलू नये’ असं ऑनलाइन गेमवरच्या एका चर्चेत कुणी म्हटलंय. गेममधल्या बदलांवरच्या मतदानापुरतं पटतं. ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ या ऑनलाइन गेममध्ये बदल खेळाडूंच्या मताला टाकतात, आधी ७५ टक्के होकार लागायचा, २०२२ पासून ७० पुरतो. मत मात्र पैसे भरलेल्या सदस्यांनाच. ठीक आहे.

पण बोलायलाही तोच निकष? ३० ऑक्टोबर २०२० ला भारतात पबजी मोबाइलचे सर्व्हर बंद झाले, त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आला जुलै २०२१ मध्ये. मधले आठ महिने आपण सगळेच ‘निष्क्रिय’ होतो की! तरी कोथरूडच्या टपरीवर चहा गार होईस्तोवर रिकॉइलवर, म्हणजे गोळी झाडताना बंदूक किती उसळते यावर, भांडत होतोच.

आमच्या स्क्वाडमधला, म्हणजे चौघांच्या टीममधला, एकजण कॉलेजच्या सबमिशनमुळे दोन महिने गायब होता. जर्नल लिहिता लिहिता त्यानं आमच्या हरलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग पाहिलं आणि म्हणाला, ‘अरे, कोपऱ्यात पिंग बघा, दीडशेच्या वर आहे.’ म्हणजे दोष नेटच्या उशिराचा होता. खेळणारे आम्ही तिघं मात्र सेन्सिटिव्हिटी, म्हणजे बोट फिरवल्यावर नेम किती हलतो ते सेटिंग, बदलत बसलो होतो.

नुसत्या शिव्या घालायला काढलेली कालची अकाउंटं जरूर अडवा. त्याला अकाउंट किती जुनं आणि लेव्हल किती, एवढं बघितलं तरी बास.