खाजगी संघ आणि रॉब वॉकर

फॉर्म्युला वन शर्यतींतल्या मिनार्डी या छोट्या इटालियन संघाबद्दल एकाने लिहिलंय ते पटलं, पण त्यातलं "छोटे संघ कधी जिंकलेच नाहीत" हे मात्र नाही. रॉब वॉकरला विसरून कसं चालेल?

हा व्हिस्कीवाल्या जॉनी वॉकर घराण्यातला माणूस. इंग्लंडमधल्या डॉर्किंगच्या गॅरेजातून संघ चालवायचा. गाडी स्वतः बनवायची नाही, कूपर किंवा लोटस या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांकडून विकत घ्यायची आणि गडद निळ्या रंगावर पांढरा पट्टा मारून उतरवायची. १९५८ला अर्जेंटिनाच्या शर्यतीत चालक स्टर्लिंग मॉसने त्याची चिमुकली कूपर जिंकवली, तीही फेरारीपुढे! चाकं चार नटांची, ती काढायला वेळ लागायचा, म्हणजे टायर बदलायला थांबलं की शर्यत हातची गेलीच. मेकॅनिक पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाडी थांबवायच्या जागेत) टायर मांडून बसले, समोरच्यांना वाटलं हा आता थांबेल, मग थांबेल. तो थांबलाच नाही. शेवटी रबर झिजून टायरच्या आतलं कापड (कॅनव्हास) दिसत होतं म्हणे. मागे इंजिन असलेल्या गाडीचा जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीतला हा पहिला विजय.

१९६१चं मोनॅको, जिथे मॉसने वॉकरच्या लोटसमधून फेरारींना हरवलं, ते तर प्रसिद्धच आहे.

मला मात्र १९६८ जास्त भावतं. त्या वर्षी वॉकरच्या गॅरेजला आग लागली, गाड्या जळाल्या. दुसरा कोणी असता तर गाशा गुंडाळला असता. यांनी नवी लोटस ४९ मिळवली आणि त्याच वर्षी ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर त्यांचा चालक जो सिफर्ट याने ब्रिटिश ग्रां प्री मारली.

मिनार्डीला २१ मोसमांत एकदाही पोडियम (पहिल्या तिघांत स्थान) मिळालं नाही, हे खरं. पण त्यांना गाडीही स्वतःच बनवावी लागायची, त्यामुळे ही तुलना तशी अन्यायाचीच.