अनुभव धागा: २०११चा स्कायरिम आज पैसे मोजून घ्यावा का?

आर्वीवरून (धागा काढणारा)

हिवाळी सेल जवळ आला की एकच विचारणा सुरू होते: एवढा जुना स्कायरिम आता घेण्यात अर्थ आहे का? ११ नोव्हेंबर २०११ला आलेला गेम, पण दुकानात नावं दोन-तीन अन् किमतीही वेगवेगळ्या. शहरातला माणूस किंमत पाहून बटन दाबतो. आपल्याकडे रोजचा दीड जीबी, लाइन अन् संगणकाचं वय हे तिन्ही त्याआधी येते. ज्यांनी हा गेम नीट चालवला आहे त्यांनी लिहा. पहिला ड्रॅगन पाहून काय वाटलं ते नको. कोणती आवृत्ती, किती जागा, कुठं अडते अन् त्यावर उपाय काय, तेवढं सांगा.

तेल्हाऱ्यावरून

आधी आवृत्त्यांचा घोळ मिटवू. २०११चा मूळ गेम ३२ बिटचा होता, तो आता विसरा. २८ ऑक्टोबर २०१६ला ६४ बिटची स्पेशल एडिशन आली. तिच्यात डॉनगार्ड, हार्थफायर, ड्रॅगनबॉर्न या तिन्ही पुरवण्या आहेत. २०२१ची अॅनिव्हर्सरी एडिशन म्हणजे हीच स्पेशल एडिशन, वर क्रिएशन क्लबच्या, म्हणजे गेमच्याच जोडवस्तूंच्या दुकानातल्या, तलवारी, घरं, छोट्या कामगिऱ्या. मासेमारी, सर्व्हायव्हल मोड, सेंट्स अँड सेड्यूसर्स अन् रेअर क्युरिओज हे चार भाग स्पेशल एडिशनवाल्यांना फुकटच मिळतात. म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्यानं स्पेशल एडिशनच घ्यावी. बाकीच्यासाठी जास्तीचे पैसे देणं म्हणजे पहिल्या दहा पातळ्यांतच भारी हत्यारं हाती पडणं, अन् मग गुहा धुंडाळायची गरजच उरत नाही.

पूर्ण किंमत कधीच देऊ नका. स्पेशल एडिशन सेलमध्ये पाऊण किंमत कमी होऊन बरेचदा येते. स्टीम या ऑनलाइन गेमदुकानाच्या किमती नोंदवणाऱ्या स्टीमडीबी साइटवर भारतातल्या किमतीचा आलेख पाहा, आधी ती कुठवर उतरली होती ते दिसते. तेवढी उतरेपर्यंत थांबा.

मोर्शीवरून

किमतीपेक्षा परताव्याचं गणित पाहा, ते कोणी सांगत नाही. स्टीमवर पैसे परत हवे असतील तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत मागायचे अन् खेळणं २ तासांच्या आत असलं पाहिजे. डाउनलोडचा वेळ २ तासांत धरत नाहीत, पण १४ दिवसांत धरतात. स्पेशल एडिशनला १२ जीबी जागा लागते. रोज दीड जीबी धरला तर ८ दिवस त्यातच गेले, तपासायला उरले ६. विचर ३ या दुसऱ्या गेमची आजची आवृत्ती ५० जीबी मागते, म्हणजे ३४ दिवस. गेम मशीनवर येण्याआधीच मुदत संपली! गॉग या दुसऱ्या गेमदुकानात मुदत ३० दिवसांची आहे, तीही या हिशेबात पुरत नाही.

तेव्हा पैसे भरण्याआधी तालुक्याला कोणाकडे फायबर आहे ते शोधा. तिथं आपल्याच खात्यानं गेम उतरवा. मग स्टीमअॅप्सच्या कॉमन फोल्डरमधलं 'स्कायरिम स्पेशल एडिशन' हे पूर्ण फोल्डर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर घ्या. घरी ते त्याच जागी ठेवा अन् स्टीममध्ये इन्स्टॉल दाबा. असलेल्या फायली तो तपासून घेतो, पुन्हा उतरवत नाही. गेम एकदा ऑनलाइन सुरू करून बंद करा, तेव्हाच ऑफलाइन मोडवर जा. ही एक पायरी चुकली तर नेमकी रेंज नसलेल्या दिवशी गेम उघडत नाही.

विंडोज ७ असेल तर स्टीम चालणारच नाही, १ जानेवारी २०२४पासून तो आधार बंद आहे. गॉगवर हाच गेम २०२२पासून मिळतो. तिथला इन्स्टॉलर उतरवून ठेवला की पुन्हा इंटरनेट लागत नाही.

चिमूरवरून

अधिकृत किमान गरज ८ जीबी रॅम अन् जीटीएक्स ४७० एवढं ग्राफिक्स कार्ड. वेगळं कार्ड नसलेल्या रायझन लॅपटॉपवरही चालतो, पण अट अशी की रॅम दोन पट्ट्यांत हवी. ८ जीबीची एकच पट्टी असली तर आतलं ग्राफिक्स उपाशी राहते. ४-४च्या दोन टाका, फरक डोळ्यांना दिसतो. रिझोल्यूशन १२८० बाय ७२०, सावल्या लो, गॉडरेज (सूर्यकिरणांचे झोत) बंद. सगळ्यात जास्त भार सावल्या अन् गॉडरेजचाच. पोताचा (टेक्श्चरचा) दर्जा मिडीयम ठेवला तरी चालते.

फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ६०च्या वर जाऊ देऊ नका. या गेममधलं भौतिकशास्त्र फ्रेमला बांधलेलं आहे. १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर मोकळा सोडला की सुरुवातीचीच बैलगाडी, म्हणजे घोडागाडी, उड्या मारते अन् टेबलावरची भांडी हवेत जातात. व्हीसिंक (फ्रेम स्क्रीनच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) चालू ठेवा, ड्रायव्हरमधून ६०वर अडवा. मे महिन्यात ३०वर अडवा. आपल्याकडे पारा ४५च्या पुढं जातो, तेव्हा लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो अन् दोष गेमला लागतो. कूलरच्या थेट झोतात मशीन ठेवू नका, ती हवा ओली असते.

आर्णीवरून

चिमूरवाले भाऊ बरोबर बोलले, पण लाइनचं राहूनच गेलं. हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत संध्याकाळी लाइन डिम होते, अन् सेव्ह लिहिता लिहिता मशीन बंद पडली का ते सेव्ह गेलंच समजा. ऑटोसेव्ह तीन राह्यते, फिरते. क्विकसेव्ह एकच राह्यते, दर वेळी त्याच्यावरच लिहिते. म्हणून क्विकसेव्हवर भरोसा ठेवू नोका बाप्पा. मेनूतून नवीन सेव्ह करजा, दर अर्ध्या तासानं, अन् मागचे दोन-तीन तरी राहू देजा. डॉक्युमेंट्समधलं माय गेम्स, त्याच्यात स्कायरिम स्पेशल एडिशन, त्याच्यात सेव्ह्ज. हे फोल्डर आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर टाकजा.

डेस्कटॉपले ६०० व्हीएचा यूपीएस पुरते, पण खेळाले नाही. सेव्ह करून बंद करापुरताच. चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवर चांगला पॉवर सप्लाय कुरकुर करते, कधी बंदच पडते. साइन वेव्ह असन तरच लावजा.

अन् बिलाचाही हिशेब किमतीतच धरा ना. २०० वॅट खाणारा डेस्कटॉप १०० तासाले २० युनिट घेते, ६० वॅटचा लॅपटॉप ६.

मेहकरवरून

मॉड, म्हणजे खेळाडूंनीच केलेले बदल, नसते तर हा गेम आज घ्या असं म्हणता आलं नसतं, असं माझं मत. पण पैसे वाया जातात तेही इथंच, कारण लोक एका रात्रीत १०० मॉड टाकतात.

क्रम असा ठेवा. गेम प्रोग्राम फाइल्समध्ये टाकू नका, वेगळ्या फोल्डरात ठेवा, नाहीतर विंडोज लिहू देत नाही. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'सुरू करतानाच अपडेट करा' हा पर्याय निवडा. मग स्क्रिप्ट एक्स्टेंडर, म्हणजे बऱ्याच मॉडना लागणारं जोड-सॉफ्टवेअर. तो गेमच्या नेमक्या आवृत्तीशी जुळलाच पाहिजे, अन् गॉगसाठी त्याची फाइल वेगळी आहे. डिसेंबर २०२३च्या अपडेटनं अनेकांचे चालू गेम असेच मोडले. यापुढं गेम स्टीमच्या प्ले बटनावरून नाही, एक्स्टेंडरच्या लोडरवरून सुरू करायचा. त्यानंतर अनऑफिशियल पॅच, म्हणजे चाहत्यांनी केलेली गेममधल्या चुकांची दुरुस्ती. त्याला वर सांगितलेले चार फुकट भाग आधी उतरवलेले लागतात. एवढं झालं की दोन तास खेळून पाहा. मग एकेक मॉड वाढवा.

साधे प्लगइन, म्हणजे मॉडच्या फायली, २५४पर्यंतच चालतात, हलके (लाइट) प्लगइन मात्र हजारांनी. अन् खेळ अर्ध्यात असताना स्क्रिप्टवाला मॉड काढू नका. त्याचे अवशेष सेव्हमध्ये राहतात अन् वीस तासांनी भलत्याच गावात गेम बसतो.

साकोलीवरून

सगळे मशीनवर बोलले, गेमवर कोणी नाही. लढाई आजच्या मानानं सपाट आहे. अवघडपणा वाढवला म्हणून शत्रू हुशार होत नाही: लेजंडरी या सगळ्यात अवघड पातळीवर आपला घाव पाव होतो अन् त्याचा तिप्पट, बस्स. मुख्य कथा ३०-३५ तासांची, ठीकठाक. पैसे वसूल होतात ते रस्ता सोडून चालण्यात. दूरवर दिसलेल्या टेकडीवर खरोखर काहीतरी असते. नकाशावर उडी मारून जाणाऱ्याला, म्हणजे फास्ट ट्रॅव्हलवाल्याला, हा गेम महागच पडेल.

भाषा भारतीय नाही, इंग्रजीच वाचावी लागते. सेटिंगमध्ये संवादाची अन् सर्वसाधारण अशी दोन्ही सबटायटल्स चालू करा. एकच केलं तर बाजारातली बोलणी निसटतात.

आर्वीवरून

साकोलीवाल्या ताई, लोहारकाम वाढवायला लोखंडी खंजीर करत बसायची जुनी युक्ती आजही चालते का?

साकोलीवरून

चालते, पण फायदा कमी. मागच्या एका पॅचपासून लोहारकामाचा अनुभव वस्तूच्या किमतीवर मिळतो. गेममधल्या व्हाइटरन शहराच्या उत्तरेला हॉल्टेड स्ट्रीम कॅम्पमध्ये ट्रान्सम्यूट मंत्राचं पुस्तक आहे. लोखंडाच्या खनिजाची चांदी, चांदीचं सोनं, त्याच्या अंगठ्या. त्या महाग, म्हणून अनुभव जास्त. त्याआधी रिव्हरवूडजवळच्या गार्डियन स्टोन्समधला वॉरियर दगड घ्या, लोहारकाम २० टक्के लवकर वाढते.

तेल्हाऱ्यावरून

अन् मशीन अगदीच जुनं असेल तर स्कायरिमचा हट्ट सोडा. त्याच मालिकेतला २००२चा मॉरोविंड घ्या, ओपनएमडब्ल्यू हे फुकट इंजिन लावा. जागा एक-दोन जीबीत भागते, म्हणजे दीड जीबीवाल्यालाही दोन दिवसांत उतरते. फक्त तिथं नकाशावर बाण नसतो. पात्र सांगते तसं, 'पुलानंतर डावीकडे' वगैरे, वाचत जावं लागते.