मदत हवी आहे: युनेस्कोचा फॉर्म उघडत नाही

वहीवाला: आमच्या मंडळाचं नाव बक्षिसाला पाठवायचंय. फॉर्म लॉगिन मागतोय, ते कुठून मिळतं? दोन दिवस झाले. कुणी भरला असेल तर लगेच सांगा.

टिळकवाडीकर: कुठलं बक्षीस? मंडळ कसलं, गणपतीचं?

निवृत्त_गुरुजी: आधी पंचायतीत पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना भेटा. कर्नाटक सरकारचा गांधी ग्राम पुरस्कार आहे की. अर्ज कन्नडमध्ये द्या, पटकन पुढं सरकतो.

वहीवाला: गुरुजी, तो पंचायतीला मिळतो, आम्ही मंडळ. मी म्हणतोय ते युनेस्को-जपान बक्षीस, शाश्वत विकासाच्या शिक्षणाचं. लॉगिनचं सांगा की कुणीतरी.

शिवारातला: काम काय करता, ते तर सांगा.

वहीवाला: बेळगावजवळ येळ्ळूरच्या बाजूला, बळ्ळारी नाल्याकडचं शिवार. शाळेची पोरं दर रविवारी अकरा विहिरींचं पाणी मोजतात. कासऱ्याला हातहातभर अंतरावर गाठी मारल्यात, टोकाला दगड. किती गाठी कोरड्या राहिल्या ते वहीत. शिवाय जुन्या बासमतीचं बियाणं पोरंच निवडून ठेवतात.

शिवारातला: बासमतीचं बियाणं मिळेल का? दोन शेर पुरे.

कागदपत्रे: लॉगिन तुम्हाला मिळणारच नाही. स्वतःचं नाव स्वतः पाठवता येत नाही. सरकारनं युनेस्कोसाठीच्या राष्ट्रीय आयोगामार्फत पाठवायचं, नाहीतर युनेस्कोशी अधिकृत भागीदारी असलेल्या संस्थेनं. आपला आयोग दिल्लीत, शिक्षण मंत्रालयात. आणि काम किमान चार वर्षं चालू हवं. तुमचं किती?

टिळकवाडीकर: म्हणजे झालंच. सीमाभागातली मराठी वही दिल्लीत कोण वाचणार?

कागदपत्रे: मराठीचा संबंधच नाही, अर्ज इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये असतो. २०१५ पासून देतात, एका वेळी तिघांना, प्रत्येकी ५०,००० डॉलर. ग्वाटेमालाच्या संस्थेलाही मिळालंय.

निवृत्त_गुरुजी: कन्नडचा कागद जोडून ठेवावा, नुकसान काय?

नाल्याकाठी: हलगा-मच्छे बायपासात पिकाऊ जमीन चाललीय आणि इथं बक्षिसाची घाई. नाल्यातला गाळ काढा आधी, दर पावसाळ्यात भात बुडतंय.

वहीवाला: दादा, माझंही बुडतं. म्हणून तर मोजायला लागलो. मंडळाची नोंदणी तीन वर्षांमागची, पण पोरं त्याच्या आधीपासून मोजतायत. चालेल?

कागदपत्रे: प्रकल्प कधीपासून ते विचारतात, पण पुरावा लागेल. नुसती मोजणी पुरणार नाही, त्यातून गावात काय बदललं ते दाखवा. पहिल्या वहीवर तारीख आहे?

वहीवाला: आत्ताच काढून बघितली. पहिल्या पानावर पोरानं विहीर काढलीय, आत बेडूक. गाठी ९ लिहिलंय. तारीख नाही.

कागदपत्रे: बेडूक आहे म्हणजे पावसाळा. वर्ष कुठलं?

वहीवाला: शोधतो. त्या पोराला विचारतो, आता कॉलेजात आहे.

शिवारातला: बियाण्याचं राहिलं ओ.