शब्दचर्चा: जुन्या रिव्हॉल्व्हरची पारख. टायमिंग, लॉकअप, ब्लूइंगला मराठीत काय म्हणाल?

नमस्कार मंडळी,

आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहायला घेतलाय. विषय: संग्रहात ठेवण्याजोगं जुनं रिव्हॉल्व्हर विकत घेताना काय बघायचं. मी पेन्सिल्व्हेनियात राहतो, इथे हा छंद रीतसर करता येतो. उदाहरणाला घेतलंय स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९. हे १९५५ साली 'कॉम्बॅट मॅग्नम' या नावाने आलं आणि १९५७ मध्ये कंपनीने आपल्या मालाला आकडे दिले तेव्हा १९ झालं. .३५७ मॅग्नमचं काडतूस, सहा गोळ्या, मी बघतोय त्याची नळी चार इंची.

अडलंय ते शब्दांपाशी. दुकानदार म्हणतो, "टायमिंग चांगलंय, लॉकअप टाइट आहे, एंडशेक नाही, ब्लू ओरिजिनल आहे." हे तसंच्या तसं देवनागरीत उतरवलं तर 'लॉकअप टाइट आहे' वाचून लोकांना पोलीस ठाण्यातली कोठडी दिसेल. 'हॉनेस्ट वेअर'चं मी आधी 'प्रामाणिक झीज' केलं होतं, बायकोने वाचून विचारलं, अप्रामाणिक झीज कशी असते? तर जाणकारांनी मदत करावी. संस्कृतातून घडवलेले शब्द नकोत, बोलताना तोंडात बसतील असे हवेत.

प्रतिसाद

आधी लिंग ठरवा. वर्तमानपत्रांत 'रिव्हॉल्व्हर काढली' आणि 'काढलं' दोन्ही दिसतं. पिस्तुलाच्या जोडीने नपुंसकलिंग बरं. मात्र पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर एकमेकांच्या जागी वापरू नका. आपल्या बातम्यांत पहिल्या परिच्छेदात पिस्तूल असतं, तिसऱ्यात त्याचं रिव्हॉल्व्हर होतं आणि शेवटी गावठी कट्टा. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंग पिस्तूल, म्हणजे मुठीत काडतुसांची पेटी असणारं. फिरतं चाक असेल तर रिव्हॉल्व्हर. 'सहाबारी' हा छान शब्द आहे, पण पाच गोळ्यांचीही रिव्हॉल्व्हरं असतात, तिथे तो फसतो.

'सिलिंडर' लिहिलंत तर गॅसचं आठवेल. सरळ 'चाक' लिहा. चाकातल्या प्रत्येक चेंबरला 'घर'. बटणाला घर असतं, सोंगटीला असतं, गोळीला का नसावं? आणि 'घोडा' म्हणजे मागचा हातोडा, बोटाने ओढायचा तो 'चाप'. 'घोडा दाबला आणि गोळी सुटली' असं छापून येतं तेव्हा चापच म्हणायचं असतं. घोडा चढवतात, चाप ओढतात. (अवांतर: मुंबईच्या टपोरी भाषेत अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात, तो भाग वेगळा.)

प्रतिसाद

मी राज्य पोलिसांत आर्मोरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा होतो, आता निवृत्त. आम्ही शब्द बनवले नाहीत, वर्कशॉपात जे ऐकलं तेच बोललो. कागदावर शस्त्रागार, तोंडात 'कोत'. नळी पुसायचं फडकं ती 'चिंदी'. तुम्ही ज्याला एंडशेक म्हणता त्याला आम्ही 'खेळ' म्हणायचो. चाक बंद करून बोटांत धरायचं आणि हलवायचं. नळीच्या दिशेने सरकलं तर मागेपुढे खेळ (तुमचा एंडशेक तो हाच), डावी-उजवीकडे हललं तर आडवा खेळ. आडवा किंचित असतोच, आणि किंचित असावाही. मागेपुढे जाणवण्याइतका असला तर हत्यार खूप चाललंय किंवा जोरदार काडतुसांवर चाललंय.

टायमिंगला वेळ, कालमापन वगैरे करू नका. दाखवतो काय असतं ते. हत्यार रिकामं आहे हे आधी दोनदा बघायचं, दुकानदाराने बघितलं असलं तरी आपण बघायचं. मग डाव्या अंगठ्याने चाकाला अगदी हलका अटकाव ठेवायचा आणि उजव्याने घोडा सावकाश मागे घ्यायचा. घोडा अडकायच्या आत चाकाखालचा खटका 'टक्' करून खाचेत बसला पाहिजे. घोडा अडकला आणि चाक अजून केसभर मागे असलं, तर ते घर नळीसमोर पुरतं आलेलं नाही. गोळी नळीच्या काठाला घासत आत जाणार आणि शिशाचे कपचे बाजूने उडणार. सहाच्या सहा घरांना हे करायचं. पाच घरं चोख आणि सहावं मागे, असंही निघतं.

तबल्याची थोडी आवड आहे म्हणून सांगतो, याला मी 'समेवर येणं' म्हणेन. चाक समेवर येतं की नाही, एवढाच प्रश्न.

लॉकअपला 'पकड'. चाप शेवटपर्यंत ओढून धरायचा आणि तेव्हा चाक किती हलतं ते बघायचं. कोरडा घोडा पाडण्याआधी (म्हणजे रिकाम्या हत्याराचा चाप ओढण्याआधी) दुकानदाराला विचारा, आणि सिनेमात दाखवतात तसा मनगटाला झटका देऊन चाक बंद करू नका. चाक ज्या बिजागरीवर झुलतं ती वाकते. असं करणाऱ्याच्या हातात आम्ही हत्यार देत नसू.

धागाकर्ता

काका, 'समेवर येणं' तर घेतलंच! 'खेळ' आणि 'पकड'ही. तुम्ही बिजागरी म्हणालात तिला स्मिथवाले 'योक' म्हणतात आणि कोल्टवाले 'क्रेन'. योक म्हणजे आपलं बैलांचं जू. तरी बिजागरीच लिहितो, कामावरून नाव कळतं.

चाक आणि नळी यांच्यामधल्या फटीबद्दल विचारायचं राहिलं. तिला 'गॅप' लिहू की 'फट'? आणि नळीच्या मागच्या तोंडाला, जिथे गोळी चाकातून उडी मारून शिरते, इंग्रजीत फोर्सिंग कोन म्हणतात, त्याला काय म्हणावं?

प्रतिसाद (आर्मोरर)

फट. गॅरेजवाले टॅपेट लावायला पात्यांचं गेज वापरतात तेच घालून मोजायची. चार ते दहा थाउ ठीक. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, लेथवरच्या कुठल्याही कारागिराला विचारा.

नळीच्या मागच्या भागाला 'गळा' म्हणा. तुमच्या मॉडेल १९ मध्ये तर गळ्याची गोष्ट लिहायलाच हवी. चौकट (म्हणजे चाक, नळी, मूठ ज्यात बसवतात तो सांगाडा) मध्यम आकाराची आणि काडतूस मॅग्नमचं, त्यामुळे बिजागरीला जागा मिळावी म्हणून गळा खालच्या बाजूने सपाट कापलेला असतो. तिथे धातू पातळ. हलक्या वजनाच्या, जास्त वेगाच्या मॅग्नम गोळ्या भरपूर मारल्या की चीर जाते ती तिथेच. चाक बाहेर काढा, गळा कापडाने पुसा, भिंग आणि बॅटरी घ्या, खालून बघा. काजळीची रेघ आणि चीर सारखीच दिसते, म्हणून आधी पुसा. चौकटीच्या वरच्या पट्टीवर, फटीच्या बरोबर माथ्यावर, आगीने कोरलेली बारीक रेघ असेल तर तीही बघून ठेवा, मात्र तेवढ्यावरून घाबरू नका.

घोडा चढवून मागून अंगठ्याने पुढे रेटायचा. पडला तर बोलणी तिथेच थांबवा. चाप हलका करायला कोणीतरी आत कानस चालवली आहे.

प्रतिसाद

धातूशास्त्र शिकवलंय म्हणून ब्लूइंगवर बोलतो. कुठे कुठे 'निळा मुलामा' असं वाचलंय, ते चूक आहे. मुलामा म्हणजे वरून चढवलेला दुसरा धातू. निकेलच्या रिव्हॉल्व्हरला मुलामा म्हणा, बिनचूक आहे. ब्लूइंगमध्ये वरून काही चढत नाही, पोलादाचाच वरचा पापुद्रा काळ्या लोह-ऑक्साइडमध्ये बदलतो. म्हणून तो सोलत नाही, झिजतो. नळीच्या टोकाला आणि चाकाच्या कडांना आधी पांढरा पडतो, कारण चामड्याच्या म्यानात तिथेच घासलं जातं. मी 'निळाई' सुचवतो. 'निळाई उडाली', 'निळाई मूळची आहे', 'पुन्हा निळाई दिली' हे सगळं सहज बोलता येतं.

खरी मेख या शेवटच्यातच आहे. आपल्याकडे जुनी वस्तू चकचकीत असणं हे कौतुक. पितळी समई चिंच लावून घासली की घरचे खूश. इथे उलट. पुन्हा निळाई द्यायची तर आधी पॉलिश मारावं लागतं, त्यात कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं उथळ होतात, स्क्रूच्या भोकांचे काठ बशीसारखे खोलगट होतात. वस्तू देखणी दिसते आणि संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. धागाकर्त्यांनी 'झीज' आणि 'छेडछाड' हे दोन शब्द लेखभर काटेकोर वेगळे ठेवावेत. म्यानाने घासलेली कड ही झीज. पॉलिशने गोल झालेली कड ही छेडछाड. 'हॉनेस्ट वेअर'ला 'वापराची झीज' पुरे, विशेषणाची गरजच नाही.

धागाकर्ता

हे फार उपयोगी पडलं. छेडछाडीची एक खूण मीही ऐकून आहे: स्मिथचा घोडा आणि चाप कारखान्यातून निळे किंवा निकेलचे येत नसत. त्यांना वेगळी कठीणकरणी (पोलादाचा वरचा थर टणक करणं) असे, त्यातून राखाडी-तपकिरी ढगाळ रंग येई. निकेलच्या रिव्हॉल्व्हरवर घोडाही निकेलचा असला तर मुलामा नंतरचा असण्याची दाट शक्यता. आणि मुठीच्या तळाशी नंबराजवळ चांदणी ठोकलेली असेल तर काम कारखान्यातच परत पाठवून करून घेतलेलं असतं.

नंबर जुळतात का, हे मी 'नंबर जुळणं' असंच लिहिणार आहे. मुठीचा तळ, चाकाची मागची बाजू, नळीचं पोट, अशा ठिकाणी जुन्या स्मिथवर तोच नंबर मिळतो. मॉडेल १९ च्या बाबतीत लोक आणखी दोन गोष्टी बघतात: नळी चौकटीला आडव्या पिनने जखडलेली आहे का, आणि चाकाची घरं मागून खोलगट आहेत का, म्हणजे काडतुसाची कड आत बुडते का. १९८२ च्या सुमारास कंपनीने हे दोन्ही बंद केलं.

प्रश्न: 'कलेक्टिबल'ला 'संग्राह्य' चालेल ना? आणि 'अँटिक'ला 'पुरातन'?

प्रतिसाद

'संग्राह्य' उत्तम, दिवाळी अंकवाल्यांना तर तो शब्द पाठच असतो.

'पुरातन' मात्र जपून. मी वकिली करतो, म्हणून हा किस पाडतोय. तुमच्याकडे १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार १८९८ पर्यंत बनलेलं हत्यार 'अँटिक', मग ते चालू असलं तरी. त्याखेरीज पन्नास वर्षं जुन्याला 'क्युरिओ ऑर रेलिक' हा निराळा वर्ग आहे आणि त्याचा संग्राहकांसाठी निराळा परवाना आहे. १९७० सालचं मॉडेल १९ या दुसऱ्या वर्गात बसतं, पहिल्यात कधीच नाही. दोन्हींना 'पुरातन' म्हटलंत तर वाचक फसेल.

भारतात तर अर्थच फिरतो. शस्त्र कायदा १९५९, कलम ४५ मध्ये जुनाट घडणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही उडवता येणार नाही अशी अट सोबत आहे. आजोबांच्या पेटीत वेब्ली (जुनं ब्रिटिश रिव्हॉल्व्हर) सापडलं आणि त्याचं चाक फिरतंय, घोडा पडतोय, तर शंभर वर्षं जुनं असलं तरी परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारशाने आलेलं धरूनही एका माणसाला दोनच. माझ्याकडे लोक येतात ते 'अँटिक आहे हो, शोभेचं आहे' म्हणत. कायद्याला शोभा कळत नाही, त्याला 'निकामी' कळतं. लेखात 'निकामी' हा शब्द आणाच, कारण तुमचा अंक इकडेही वाचला जातो.

प्रतिसाद

वेब्लीचा विषय निघालाच आहे तर: पहिल्या महायुद्धातलं मार्क सहा, .४५५ चं. अमेरिकेत गेलेल्या पुष्कळ वेब्लींची चाकं मागून तासली, .४५ एसीपी ही पिस्तुलाची काडतुसं बसावीत म्हणून. त्या तासलेल्या चाकात कारखान्याची पूर्ण जोराची .४५ मारणं धोक्याचं, दाब झेपत नाही. हीसुद्धा छेडछाडच, आणि या वेळी ती फक्त किमतीवर थांबत नाही. 'शेव्हड'ला 'तासलेलं' घ्या.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. मसुद्यातला एक परिच्छेद टाकतोय, खटकलं तर सांगा:

"चाक सहाही घरांवर समेवर येतं. पकड चांगली, मागेपुढे खेळ नाही, फट सहा थाउ. गळ्याला चीर नाही. निळाई मूळची, नळीच्या टोकाला म्यानाने उडालेली. नळीत पीळ स्वच्छ, गंजाने खाल्लेलं कुठे नाही. मुठी बदललेल्या आहेत. नंबर जुळतात. कारखान्याचा दाखला नाही, मागवता येईल."

'पीळ' म्हणजे नळीच्या आत कोरलेल्या वळणाऱ्या खाचा. 'दाखला' म्हणजे कंपनीच्या जुन्या नोंदवह्यांवरून मिळणारं पत्र: कुठल्या तारखेला, कुठल्या व्यापाऱ्याकडे, कुठल्या स्वरूपात रवाना झालं ते. त्यात नंतरच्या मालकांचं काही नसतं, म्हणून 'इतिहास' हा शब्द टाळला.

प्रतिसाद (आर्मोरर)

'मुठी बदललेल्या आहेत' हे झीज की छेडछाड, ते लिहा. जुन्या लाकडी मुठी जपून ठेवून रबरी लावल्या असतील तर काहीच बिघडलं नाही, पण त्या सोबत मिळतायत का ते विचारून घ्या. आणि फट फक्त एका घराची मोजली असेल तर सहाहींची मोजा. चाक वाकडं असलं तर ती प्रत्येक घराला वेगळी भरते.